एका अंगाला ओढणारी पट्टी

माझ्या टेबलासमोर भिंतीवर पितळेची एक पट्टी खिळ्याला अडकवलेली आहे. जेमतेम वीतभर. डावीकडचं टोक कोरं, सपाट, कॉईलमधून नुकतंच सुटलेलं. त्यापुढे एक बारीक गोल भोक. त्यापुढे भोकाशेजारी दोन खाचा. मग खाचा वाढत जातात, पट्टीचं अंग कोरलं जातं आणि मधेच कुठेतरी एक आकार दिसायला लागतो. त्या आकाराच्या कडा थोड्या उचलतात, पुढच्या ठिकाणी आणखी उचलतात, मग आत वळतात. चौदाव्या स्टेशनवर, म्हणजे टप्प्यावर, टर्मिनल तयार, वायरच्या टोकाला बसणारा पितळी तुकडा.

टूलरूममध्ये हिला प्रोग्रेशन स्ट्रिप म्हणतात. नव्या डायचा, म्हणजे पत्रा कापून-वाकवून आकार देणाऱ्या साच्याचा, ट्रायआउट झाला की प्रेस थांबवायची, डाय उघडायची आणि आतली पट्टी अलगद बाहेर काढून जपून ठेवायची. पुढे कधी डाय बिघडली तर कुठल्या स्टेशनला काय बदललंय ते या पट्टीशी ताडून बघता येतं. माझ्या कपाटात अशा पन्नासेक पट्ट्या तेल लावून कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. भिंतीवर मात्र ही एकच, कारण हिच्यात चूक आहे.

चूक टर्मिनलमध्ये नाही. ते आजही प्रोफाइल प्रोजेक्टरवर, सावली मोठी करून माप बघायच्या यंत्रावर, धरलं तर ड्रॉइंगच्या रेषेत बसेल. चूक टर्मिनलांना एकत्र धरून ठेवणाऱ्या कडेच्या भागात आहे, ज्याला आम्ही कॅरिअर म्हणतो आणि जो शेवटी भंगारात जातो.

साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीत मी तीसेक वर्षं डाय बनवतो आहे. शेडच्या दारात उभं राहिलं की अजिंक्यतारा दिसतो. पावसाळ्यात तोही दिसत नाही, नुसता पत्र्यावरचा आवाज आणि त्याखाली प्रेसचा ठोका. बाहेरून आलेल्या माणसाला तो ठोका कर्कश वाटतो. आम्हाला तो बदलला की कळतं. पंचाची, म्हणजे डायमधल्या पत्रा कापणाऱ्या पोलादी तुकड्याची, धार गेली की ठोका जड होतो. कापलेला बारीक तुकडा खाली न पडता पंचाला चिकटून वर आला, तर आवाजात एक खरखर येते. त्या क्षणी हात बटणाकडे जातो.

आम्ही बनवतो ती वस्तू तुमच्या घरात नक्की आहे. मिक्सर उघडा, स्कूटरचा हॉर्न सोडवा. वायरच्या टोकाला पितळेची एक छोटी पाकळी दिसेल, दोन्ही कडा आत वळवलेली. तिच्यात समोरची सपाट जीभ घुसते. ही जीभ सहसा ६.३ मिलिमीटर रुंद आणि ०.८ मिलिमीटर जाड असते. ४.८ आणि २.८ रुंदीच्याही असतात. पाकळी किती घट्ट धरते, यावर सगळं अवलंबून. सैल धरली तर सांधा तापतो, तापला की पितळ मऊ पडून आणखी सैल होतं, आणि एक दिवस प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. फार घट्ट धरली तर जोडणाऱ्याचं बोट सोलतं.

एका ठोक्यात चौदा स्टेशनं एकदम काम करतात. पहिल्यावर भोक पडत असतं तेव्हा सातव्यावर कड कापली जात असते आणि बाराव्यावर कान वळत असतात. ठोका संपला की पट्टी एक पिच, म्हणजे आमच्या या जॉबला १६ मिलिमीटर, पुढे सरकते. म्हणजे प्रत्येक टर्मिनल चौदा ठोके खातं, पण प्रत्येक ठोक्याला एक टर्मिनल बाहेर पडतं. आमच्या प्रेसवर मिनिटाला दोनशे, तीनशे ठोके सहज होतात. खास हायस्पीड प्रेस हजाराच्याही पुढे जातात.

पट्टी नेमकी १६ मिलिमीटरच सरकेल याची हमी पट्टी पुढे सरकवणारा फीडर देत नाही. ती पहिल्या स्टेशनवरचं ते बारीक भोक देतं. पुढच्या स्टेशनांवर पंचांच्या आधी पायलट नावाच्या टोकदार पिना खाली येतात आणि त्या भोकात शिरतात. पट्टी केसभर मागेपुढे असेल तर पायलट तिला ओढून जागेवर आणतो. नेमक्या त्या क्षणी फीडरच्या रोलरनं पकड सोडायची असते. नाहीतर रोलर एकीकडे ओढतो, पायलट दुसरीकडे, आणि भोक लांबट होतं. हे सोडणं जुळवायला मला पहिल्यांदा दोन दिवस लागले होते. माझ्या मामाकडे पाभरीनं पेरणी व्हायची तेव्हा बैल थोडे चुकले तरी मामा दांड्यावरचा हात हलका करून त्यांना आपोआप तासात येऊ द्यायचा. धरून ठेवलं तर तास वाकडा व्हायचा. तात्यांनी मला पायलट समजावला तेव्हा मला आधी ते शेत आठवलं.

तात्या म्हणजे माझे गुरू. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त होऊन आमच्या शेडमध्ये आले होते. आपल्या या भागात लोखंडाचं काम काही कालचं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला, तो आजच्या सांगली जिल्ह्यात येतो. त्यांचे नांगर घराघरात पोचले. साताऱ्यात कूपरांचा कारखाना १९२२ पासूनचा. या कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फिटर घडवले आणि त्या फिटरांनी आमच्यासारख्या लहान शेडमधली पोरं घडवली. तात्या मायक्रोमीटर लावायच्या आधी अंगठा लावायचे. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवून बर, म्हणजे कडेला उरलेली खरखरीत धार, किती आहे ते सांगायचे, आणि ते बरोबर निघायचं.

त्यांनी मला सगळ्यात आधी पितळेचा रोख शिकवला. पत्रा रोलमधून लाटून निघतो तेव्हा त्यातले कण लाटण्याच्या दिशेनं लांबतात, लाकडात असतो तसा एक रोख तयार होतो. वाकवायची रेघ त्या रोखाला आडवी असेल तर धातू वळण निमूटपणे घेतो. रोखाच्या बाजूनेच वाकवलं तर वळणाच्या बाहेरून बारीक भेगा पडतात. म्हणून टर्मिनल पट्टीत उभं ठेवायचं, आडवं ठेवायचं की तिरकं, हा निर्णय कागदावर पहिल्या दिवशी घ्यावा लागतो. एका टर्मिनलमध्ये काही वळणं उभी असतात, काही आडवी. सगळ्यांना खूश करता येत नाही. कुठलं वळण आयुष्यभर स्प्रिंगसारखं काम करणार आहे ते ओळखायचं आणि त्याला झुकतं माप द्यायचं. तात्या म्हणायचे, “कष्टाचं वळण कुठलं ते आधी बघ.”

ही भिंतीवरची डाय मी स्वतंत्रपणे केलेली पहिली. ०.४ मिलिमीटरचं पितळ, सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. डी-टू या हत्यारी पोलादाचे पंच, कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साठच्या वर नेलेले. वायरकटला, म्हणजे विजेच्या तारेनं पोलाद कापून घ्यायला, तेव्हा भाग कोल्हापूरला पाठवायचो, रात्रीच्या एसटीनं जाऊन सकाळी घेऊन यायचो. मालकांनी एकच अट घातली होती, स्क्रॅप कमी. पितळ किलोवर येतं आणि त्याचं भंगार त्याहून बऱ्याच कमी दरानं जातं. कॅरिअर म्हणजे तर शुद्ध भंगार, गिऱ्हाइकाच्या मशिनवर टर्मिनल तुटलं की पट्टीचा तो भाग डब्यात पडतो. मी कॅरिअर पाचाऐवजी तीन मिलिमीटरचा केला. कॉईलची रुंदी दोन मिलिमीटरनं कमी झाली. लाखो नगांच्या हिशेबात ही बचत मोठी होती. तात्यांनी ड्रॉइंग बघितलं, बोट कॅरिअरवर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, “हा सगळ्यांना धरून आहे.” मी त्यांच्या म्हणण्याचा अर्थ ताकदीपुरता लावला. हिशेब करून बघितला, ओढीत पट्टी तुटत नव्हती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की टर्मिनलं अशी एकमेकांना बांधलेली का पाठवायची. शेड बघायला आलेले लोक हे हमखास विचारतात. चौदा कामं केलीत, मग पंधरावं तोडायचं काम का नाही? कारण सुटं टर्मिनल मुका जीव आहे. ते पालथं आहे की उताणं, तोंड कुठे, शेपूट कुठे, हे मशिनला कळत नाही. माणसानं एकेक उचलून, चिमट्यात धरून वायरला दाबायचं, असंच पूर्वी चालायचं. त्याआधी तर डाग देत, म्हणजे सोल्डर करत. अमेरिकेत १९४१ साली अंकस व्हिटेकर यांनी विमानं आणि जहाजांसाठी सोल्डरशिवाय, नुसत्या दाबानं बसणारी टर्मिनलं बनवायला कंपनी काढली, तीच पुढे एएमपी म्हणून जगभर गेली. टर्मिनलं पट्टीत ठेवून, रिळावर गुंडाळून, मशिननं एकेक दाबायची, ही रीत त्यांच्यासारख्यांनीच रुळवली. लवंगी फटाक्यांची माळ असते तशी ही माळ. रिळावर चार-पाच हजार टर्मिनलं, प्रत्येक थरामध्ये कागदाची पट्टी, म्हणजे कान एकमेकांत अडकू नयेत. प्रत्येक टर्मिनलचं तोंड एकाच दिशेला. रीळ उलट गुंडाळलं तर सगळा माल परत.

वायरवर टर्मिनल दाबून बसवणाऱ्या क्रिम्पिंग मशिनवर ॲप्लिकेटर असतो. त्यातलं एक बोट आमच्याच भोकात अडकतं आणि पट्टीला एक पिच पुढे ढकलतं. टर्मिनल ऐरणीवर येतं, वायर आत जाते, वरून साचा उतरतो. टर्मिनलचे दोन पंख वळून तारांच्या झुबक्यात घुसतात. दाब एवढा असतो, की तांब्याच्या तारा आणि पितळ थोडे वाहतात, वरचा गंजाचा पापुद्रा फुटतो, आतली हवा निघून जाते आणि धातूला धातू भिडतो. त्याच ठोक्यात टर्मिनल कॅरिअरपासून तुटतं. दाबलेल्या भागाची उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. नीट बसलेल्या क्रिम्पमधून वायर ओढली तर ती टर्मिनलमधून निसटायच्या आत स्वतःच तुटते.

तर, माझ्या डायचा पहिला माल गेला आणि आठवड्यात तक्रार आली. “टर्मिनल अडकतात.” मी पन्नास नग मोजले. सगळे मापात. पिच मोजला, बरोबर. दुसरी तक्रार आली, मग मालकांचा आवाज चढला, आणि मी एक दिवस पहाटेच्या गाडीनं पुण्याच्या अलीकडच्या त्या हार्नेस शॉपमध्ये, म्हणजे वायरींचे जुडगे बनवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये, गेलो.

लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना क्रिम्पिंग मशिनं, प्रत्येक मशिनवर एक बाई. बहुतेक आजूबाजूच्या गावांतून बसनं येणाऱ्या. ज्या मशिनवर आमचं रीळ लावलं होतं, तिथल्या ताई पस्तिशीच्या असतील. डाव्या अंगठ्याला पट्टी बांधलेली. मी मागे उभा राहून बघत होतो. दहा-बारा वायरी नीट होत, मग मशिन थांबे. त्या पायडलवरचा पाय उचलत, चिमट्यानं अडकलेलं टर्मिनल काढत, पट्टी हातानं मागे घेऊन पुन्हा बसवत. अंगठ्याचं काय झालं ते विचारायची गरज नव्हती. कापलेल्या पितळेच्या कडेवर दिवसातून शंभर वेळा बोट जात होतं.

मी सांगितलं, ही डाय माझी आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “पीस चांगला आहे हो तुमचा दादा. पट्टी एका अंगाला ओढती.” मग दाखवलं. “ह्या बाजूनं असं बोट लावून धरलं की चालतंय. पण दिवसभर बोट लावून कोण धरणार?”

मी रिळाची एक मीटर पट्टी तोडून घेतली आणि सरळ कडेच्या लोखंडी पट्टीला टेकवून जमिनीवर ठेवली. दोन्ही टोकं टेकली. मध्ये फट होती. सहा मिलिमीटर. आमची पट्टी तलवारीसारखी वाकत होती.

याला कॅम्बर म्हणतात. हा शब्द मला माहीत होता, परीक्षेत लिहिलाही होता. परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. तीन मिलिमीटर रुंदीच्या कॅरिअरमध्ये मीटरमागे सहा मिलिमीटर बाक यायला आतली, म्हणजे टर्मिनलांकडची, कड बाहेरच्या कडेपेक्षा मीटरमागे फक्त ०.१४ मिलिमीटर लांब व्हावी लागते. म्हणजे एका पिचमागे दोन मायक्रॉनच्या थोडं वर. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. टर्मिनलांच्या बाजूच्या कडेवर चौदा स्टेशनांत पंचांचा मारा होत होता, बाहेरची कड मोकळी होती. आतली कड प्रत्येक ठोक्याला तेवढीशी ताणली जात होती. कॅरिअर रुंद असता तर त्यानं ते पोटात घेतलं असतं. मी एकेक टर्मिनल मोजत होतो, आणि एका टर्मिनलमध्ये हे कधीच दिसणार नव्हतं.

तात्यांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. कपाटातून त्यांनी आपली एक जुनी पट्टी काढून दिली. तिच्या कॅरिअरच्या बाहेरच्या कडेला, प्रत्येक पिचवर, नखानं दाबल्यासारखी बारीक खूण होती. ती मी आधी शंभर वेळा बघितली असेन आणि पंचाचा ओरखडा समजलो असेन. ते कॅम्बर काढायचं स्टेशन होतं. बाहेरच्या कडेला हलकासा दाब द्यायचा, ती दोन मायक्रॉन लांबते, पट्टी सरळ येते. दाब स्क्रूनं कमी-जास्त करता येतो, कारण प्रत्येक कॉईलचा स्वभाव थोडा वेगळा. आम्ही कॅरिअर पुन्हा पाच मिलिमीटरचा केला आणि ते स्टेशन बसवलं. बचतीचं मालकांना समजावायला मला बराच वेळ लागला. परत आलेल्या रिळांचा ढीग शेडच्या कोपऱ्यात होता म्हणून समजावता आलं.

त्यानंतर मला एक सवय लागली, माल कुठे जातो ते बघायची. पट्टी आमच्याकडून थेट हार्नेस शॉपमध्येच जाते असं नाही. काही पट्ट्या आधी प्लेटिंगला जातात. एका रिळावरून सुटून टाक्यांमधून वाहत दुसऱ्या रिळावर गुंडाळल्या जातात. पत्र्यावर आधीच कथलाचा मुलामा असेल तर पंचानं कापलेल्या कडा उघड्याच राहतात. घडवून झाल्यावर मुलामा दिला तर कडाही झाकल्या जातात. आणि माळ अखंड असल्यामुळेच, प्रत्येक टर्मिनलच्या फक्त टेकणाऱ्या टोकाला सोनं द्यायचं आणि बाकी अंगाला कथिल, अशी काटकसर करता येते. सुट्या नगांना पिंपात घोळवून ती करता येत नाही. इथेही भोकं आमचीच आणि धरून नेणारा कॅरिअरच.

कोरेगाव तालुक्यातल्या मामाच्या गोठ्याची गोष्ट मात्र डायची नाही, तरी ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर गोठ्याच्या भिंतीवर होता. एका पावसाळ्यात मोटार वारंवार बंद पडायला लागली. मी पेटी उघडली तर एका वायरच्या टोकाचं पितळी टर्मिनल वळणापाशी उभं चिरलेलं. जळालेलं नव्हतं, कुणी ओढलंही नव्हतं. नुसतं चिरलं होतं, काच तडकावी तसं.

इंग्रजांच्या फौजेला हाच अनुभव याच देशात आला होता. पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या आपोआप चिरायच्या. पावसाळा संपला की चिरणं कमी व्हायचं, म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग असं नाव पडलं, ऋतूचं चिरणं. १९२१ साली त्याचं कारण उलगडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल, आणि घडवताना पितळात कोंडून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. सत्तर-तीसच्या पितळाला इंग्रजीत आजही काडतुसाचं पितळ म्हणतात. आम्ही वापरतो तेच. आणि गोठ्यात अमोनियाला काय तोटा? गोठा कितीही लोटला तरी पावसाळ्यात तो वास डोळ्यांना झोंबतो.

मामानं विचारलं, “तुझंच का हे?” टर्मिनलवर कुठलीच खूण नव्हती. माझं असू शकत होतं, एवढंच मी म्हणालो. स्टार्टर गोठ्यातून हलवून ओसरीवर नेला आणि टर्मिनल फॉस्फर ब्रॉन्झचं लावलं. त्यात जस्त जवळपास नसतंच, तांबं आणि कथिल असतं, ते अमोनियाला तसं दाद देत नाही. ते महाग पडतं आणि वाकवल्यावर पितळेपेक्षा जास्त उसळी घेतं, म्हणून डायमध्ये अंश-दोन अंश जास्त वाकवावं लागतं. पण आता शेतीपंपाच्या जॉबची चौकशी आली की मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, पेटी कुठे बसणार आहे? काही जण या प्रश्नावर वैतागतात. मी तरी विचारतो. पितळच हवं असेल तर घडवल्यावर भट्टीत तापवून आतला ताण कमी करायला सांगतो, आणि वर पूर्ण मुलामा.

तात्या आता नाहीत. त्यांची ती कॅम्बरच्या खुणेची पट्टी त्यांच्या मुलानं मला दिली, ती कपाटात सगळ्यात वर आहे. माझ्याकडे आता दोन मुलं आणि एक मुलगी शिकायला आहेत, तिघंही आयटीआयची. नवी डाय झाली की मी त्यांना पहिलं टर्मिनल मोजू देत नाही. एक मीटर पट्टी तोडून सरफेस प्लेटवर, अगदी सपाट घासलेल्या पाटावर, सरळ कडेला टेकवून ठेवायला लावतो आणि कडेच्या फटीतून उजेड दिसतो का ते बघायला सांगतो. ती मुलगी हे चांगलं ओळखते. गुडघ्यावर बसते, एक डोळा मिटते, आणि फट मोजायचं फीलर गेज घ्यायच्या आधीच सांगते.

गेल्या महिन्यात तिला घेऊन मी एका हार्नेस शॉपमध्ये गेलो होतो. आमची नवी पट्टी तिथल्या मशिनवर लावली होती. ते चालवणाऱ्या काकू शेजारच्या मशिनवरच्या बाईशी बोलत होत्या, मुलीला दहावीत किती पडले, कुठल्या कॉलेजला अर्ज केलाय, होस्टेल मिळेल का. डावा हात वायर उचलत होता, ऐरणीवर नेत होता, पाय पायडलवर, टक, आणि वायर टोपलीत. आम्ही मागे अर्धा तास उभे होतो. रीळ फिरत राहिलं. खाली डब्यात कॅरिअरचे तुकडे पडत राहिले. काकूंनी त्या अर्ध्या तासात एकदाही पट्टीकडे बघितलं नाही.